पेटीत न मावणारा बोर्ड

पेटी तयार होऊन आठ दिवस झाले होते, आणि आठही दिवस सुतारकाका ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होते. टपालवाल्याला तर दोनदा दाखवून झाली होती. "हात फिरवा, हात फिरवा! कुठे खिळा लागतोय का बघा. सगळी सांध्यात बसवलीय. ह्यात आमच्या सूनबाईचा कॉम्प्युटर राहणार आणि रविवारच्या स्पर्धेत पहिला येणार!"

स्पर्धा होती ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे कॉम्प्युटरला कंपनीने ठरवलेल्या वेगाच्या वर पळवण्याची. न अडखळता जो सर्वांत जोरात पळेल तो पहिला. मात्र यंत्र पेटीत बसवलेलं हवं, हा नियम. गेल्या वर्षी सूनबाईचा नंबर थोडक्यात हुकला होता. तेव्हापासून पगारातून पैसे बाजूला टाकत तिने नवा प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, घेतला होता. आता तो ज्यावर बसवायचा, तो साजेसा मदरबोर्ड तेवढा आणायचा होता. मुलगा जहाजावर, सूनबाई ऑफिसात अडकलेली. तेव्हा तिने लिहून दिलेली चिठ्ठी घेऊन सुतारकाकाच निघाले.

दुकानातल्या बाईंनी चिठ्ठी वाचून एक भला थोरला बोर्ड काढला. काकांनी खिशातून टेप काढली.

"अहो काका, हे काय करताय?"

"मोजतोय."

"बोर्ड कुणी टेपने घेतं का?"

"मग काय हुंगून घेतात?"

बोर्ड अडीच इंच मोठा निघाला. पेटीचं माप काकांनी सूनबाईच्या जुन्या बोर्डावरून घेतलं होतं, आणि काकांचं माप कधी चुकत नसे. एकदा केलेल्या कामाला चाळीस वर्षांत त्यांनी पुन्हा करवत लावली नव्हती. एका घरात दार चौकटीत बसेना, तेव्हा त्यांनी गवंड्याकडून चौकट फोडून घेतली होती. म्हणजे चुकला असेल तर बोर्डच.

"ह्याचा धाकटा भाऊ नाही का?" काकांनी विचारलं.

"आहे की. पण..."

"आमचा प्रोसेसर त्यात बसेल?"

"बसेल हो, पण..."

"बसेल ना? मग द्या बांधून!" बाईंचा 'पण' दुकानातच राहिला.

संध्याकाळी सूनबाईने खोका पाहिला आणि खांद्यावरची पर्स काढायचंही विसरली. "बाबा, चिठ्ठीतला नव्हता का?"

"होता गं, पण पेटीत मावत नव्हता. हा बघ कसा चपखल बसतोय!"

बसला खरा. प्रोसेसरही बसला, पडदा उजळला, काकांची छाती फुगली. सूनबाई मात्र पंधरा मिनिटं पडद्यावर काहीतरी शोधत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "बाबा, वेग वाढवायची सोयच नाही ह्यात. प्रोसेसर पळायला तयार आहे, पण बोर्डाने सोडायला नको का? चिठ्ठीतला सोडतो. वर लागणारी जादा वीजही नीट पुरवतो."

"म्हणजे यांनी घोडा आणला, तो पाय बांधून," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

सूनबाईने बोर्ड काढून पुन्हा खोक्यात ठेवला, आणि तेच काकांना जास्त लागलं. शनिवारी सकाळी ती स्वतः जाऊन बोर्ड बदलून आली. आता अडचण उरली पेटीची.

"ऑफिसातल्या मैत्रिणीची पेटी मागून आणते, बाबा. पत्र्याची आहे, पण मोठी आहे."

"पत्र्याची?"

गल्लीभर मिरवलेली पेटी घरात रिकामी, आणि सूनबाई परक्या पत्र्यात! काकांनी पेटीवरून एकदा हात फिरवला आणि कोपऱ्यातली करवत उचलली.

सासूबाई ओल्या हातांनी धावत आल्या. "अहो, काय करताय हे? तुमचं माप तर..."

"माप बरोबरच आहे. सुनेला पुरत नाही, एवढंच!"

करकर करवत चालली आणि उजवी बाजू साफ निघाली. तळाला अडीच इंचाची पट्टी जोडली. बोर्ड ऐसपैस बसला. फक्त त्या बाजूने पेटी उघडी राहिली.

रविवारी परीक्षक चष्मा सावरत म्हणाले, "ही पेटी कशी म्हणायची? एक बाजूच नाही."

"का? खिडकी असलेल्या घराला तुम्ही घर म्हणत नाही?" काका म्हणाले. आजूबाजूचे हसले आणि परीक्षकांनी पुढे चला म्हटलं.

स्पर्धा सुरू झाली. वेग चढत गेले तशा बंद पेट्या तापू लागल्या. एक यंत्र गपकन बंद पडलं, मग दुसरं, मग खिडकीजवळची सगळी रांगच. सूनबाईच्या यंत्राचा पंखा मात्र उघड्या बाजूने गरम वारा बाहेर फेकत होता आणि आकडा वर सरकत होता. शेवटी तिचं एकटीचं यंत्र चालू राहिलं.

"बाजू उघडी ठेवायची कल्पना कुणाची?" परीक्षकांनी विचारलं.

सूनबाईने सासऱ्यांकडे पाहिलं. "आमच्या बाबांची," ती मान ताठ करून म्हणाली. काकांनी नुसतीच पेटी पुसली, पुसायची गरज नसताना.

हरलेल्यांपैकी एकजण जवळ आला. "काका, मला अशीच पेटी करून द्याल? माप हेच ठेवा."

काकांनी कानावरची पेन्सिल काढली, टेप मात्र खिशातच राहू दिली.

"माप नंतर," ते म्हणाले. "आधी बोर्ड दाखवा. आणि तो बरोबर आहे का, ते आमच्या सूनबाईला विचारा."