आप्पांचा सशांचा घाट

निमोण्यात बबनआप्पांच्या ओट्यासमोरून कुणालाही गुपचूप जाता येत नाही. मी शाळेला निघाले की शेजारून आवाज येतो, "निघाल्या, निघाल्या, शाळेच्या बाई निघाल्या. हातात डबा, खांद्याला पर्स, आज टाइम बरा हाय." बदली होऊन या गावात आले तेव्हा पहिले आठ दिवस मी मागच्या गल्लीने जात होते. मग तिथल्या बायकांनी सांगितलं की तिकडेही ऐकू येतं.

आप्पा अर्धं आयुष्य बैलगाडा शर्यतीत माइकवर होते. शर्यतीच्या धावपट्टीला आमच्याकडे घाट म्हणतात, आणि पंचक्रोशीतल्या घाटांत आप्पा बोलल्याशिवाय गाडा सुटत नसे. मध्यंतरी काही वर्षं शर्यती बंद पडल्या. पुन्हा सुरू झाल्या तोवर नवी पोरं आली होती, भिंतीएवढे स्पीकर आले होते, आणि आप्पांना बोलवायचं लोक विसरले. आवाज मात्र होता तेवढाच होता. तो जाणार कुठं?

शर्यती बंद असतानाच त्यांनी कोंबड्यांचं समालोचन सुरू केलं. संध्याकाळी कोंबड्या खुराड्याकडे वळल्या की ओट्यावरून, "सुटली, सुटली, तांबडी सुटली, भिर्रर्र." आणि शेवटी आत हाक, "सुमन, किती शेकंद?" सुमनकाकू भाकरी थापत असायच्या. घड्याळाकडे न बघता म्हणायच्या, "बारा." रोज बाराच. घाटात बारा सेकंद म्हणजे नाव काढावं अशी धाव. शर्यती पुन्हा सुरू झाल्यावरही हे थांबलं नाही. मी दोन वर्षं भिंतीपलीकडून रोज ऐकत होते, आणि मलाही त्या 'बारा'शिवाय संध्याकाळ झाल्यासारखी वाटत नसे. गेल्या दिवाळीनंतर काकू वारल्या. माणसांचं समालोचन आप्पांनी चार महिन्यांनी पुन्हा धरलं, कोंबड्यांचं नाही.

या उन्हाळ्याच्या तोंडाशी शाळेचं पाणी शुद्ध करायचं मशीन बिघडलं, ते कायमचंच. मुलांच्या बाटल्या दुपारपर्यंत रिकाम्या व्हायच्या. पालकांची सभा घेतली, वर्गणीचा विषय निघाला आणि सगळे आपापल्या चपला शोधू लागले. तेवढ्यात मागून आप्पा उठले. त्यांचं मूल आमच्या शाळेत नाही, कुठल्याच शाळेत कधी नव्हतं. सभा असली की ते येतात एवढंच.

"वर्गणी नगं. घाट भरवू," ते म्हणाले.

"शाळेत बैल आणायचे का, आप्पा?" मी विचारलं.

"बैल कशाला? ससं हायत, मांजरं हायत, कोंबड्या हायत. पोरं येत्याल, आया येत्याल, म्हातारी येत्याल. डब्यात ज्याला जमंल त्यानं टाकावं. फकस्त कुत्री बाद."

"कुत्री का बाद?"

"बाकीच्यांचा निकाल त्येच लावत्याल."

ठरलं. पण घाटाचा कायदा म्हणजे कायदा, असं आप्पांचं म्हणणं. घाटात प्रत्येक गाडा देवाच्या आणि घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने पुकारतात. तशी चिठ्ठी सशालाही हवी. मी फळ्यावर नमुना लिहून दिला : 'श्री भैरवनाथ प्रसन्न. कै. ........ यांच्या स्मरणार्थ.' मोकळ्या जागेत घरातल्या आजी-आजोबांचं नाव घाला, असं मुलांना सांगितलं आणि पुढचा धडा घेतला. शिक्षिका म्हणून माझ्याकडून याहून मोठी चूक आजवर झालेली नाही.

रविवारी सकाळी मैदानावर फक्कीने सहा पट्ट्या आखल्या. शकीलभाई मंडपवाल्यांनी मंडप आणि स्पीकर फुकट दिला, म्हणून त्यांच्या नातीचा ससा पहिला. आप्पांनी तो 'पीरसाहेब प्रसन्न' म्हणून पुकारला आणि शकीलभाईंनी छातीवर हात ठेवला. ससा जागचा हलला नाही. "ससा इचार करतोय," आप्पांनी सांगितलं. "घाई न्हाई. खानदानी जनावर हाय."

दुसरी चिठ्ठी आली. "श्री भैरवनाथ प्रसन्न. कैलासवासी तुकारामआबा यांच्या स्मरणार्थ. काय माणूस होता. दिलदार. दारातनं कुणाला उपाशी धाडलं न्हाई."

तुकारामआबा पहिल्या रांगेत बशीतून चहा पीत होते. "आप्पा," ते म्हणाले, "मी हितं हाय की."

आप्पांनी क्षणभरच श्वास घेतला. "आबा हयात हायत. कमिटीनं निकाल मागं घेतलाय."

मी उरलेल्या चिठ्ठ्या चाळल्या तर अकरा जिवंत माणसं कैलासवासी. मुलांनी नमुना जसाच्या तसा उतरवून घरातलं सगळ्यात लाडकं नाव घातलं होतं. मी घामाघूम होऊन लाल पेनने 'कै.' खोडायला बसले. आबा काठी टेकत माझ्यापाशी आले. मला वाटलं, आता बोलणी खायची.

"खोडा, बाई," आबा म्हणाले. "पर त्ये दिलदार म्हणल्यालं ऱ्हाऊ द्या. आन् आप्पाला म्हणावं, एकडाव परत म्हण. सून आत्ता आलीय."

मग रांगच लागली. मेल्यावर कानावर न पडणारं कौतुक उभ्याउभ्या ऐकायला मिळतंय म्हटल्यावर म्हातारे आणि म्हाताऱ्या येऊन डब्यात नोट टाकायच्या आणि आप्पांच्या समोर उभ्या राहायच्या. सशांनी शेवटच्या खुणेला बांधलेली झेंडूची माळ खाऊन टाकली, मांजरं मंडपाच्या बांबूवर चढली. दुपारपर्यंत डब्याचं झाकण लागेना. पाण्याची काळजी मिटली होती.

शेवटची चिठ्ठी आप्पांची स्वतःची. त्यांनी माइक माझ्या हातात दिला. "ही तेवढी तुमी वाचा, बाई. माझा घसा बसलाय." घसा काही बसलेला नव्हता. मी तांबडी कोंबडी त्यांच्या काखेत पाहिली आणि चिठ्ठी उघडली.

श्री भैरवनाथ प्रसन्न. सौ. सुमन बबन.

दिवसभर मी 'कै.' खोडत बसले होते. इथे ते लिहिलेलंच नव्हतं. मी होतं तसं वाचलं.

आप्पांनी कोंबडी पट्टीवर ठेवली. ती मान वाकडी करून उभी राहिली. मुलं ओरडली, तरी ढिम्म. मग आप्पा पट्टीच्या पलीकडच्या टोकाला जाऊन उकिडवे बसले आणि माइकशिवाय, ओट्यावर बोलायचे तशा आवाजात म्हणाले, "सुटली, सुटली, तांबडी सुटली."

कोंबडी निघाली. मध्ये थांबली, एक दाणा टिपला, माळेचं उरलेलं फूल उकरून पाहिलं, आणि चालत चालत त्यांच्या हातात गेली. आप्पांनी तिला छातीशी धरलं आणि सवयीने मागे वळून विचारलं,

"किती शेकंद?"

विचारल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं. धावेची वेळ मोजायला घेतलेलं माझ्या हातातलं घड्याळ मी सुरूच केलं नव्हतं.

"बारा," मी म्हटलं.