नरहरकाकांची बरकत

आमच्या शेजारच्या नरहरकाकांनी उभ्या आयुष्यात चहाचा कप पुरता रिकामा केला नाही. तळाशी घोटभर चहा राहिला की कप खाली ठेवायचे, मिशा पुसायचे आणि म्हणायचे, "राहू द्या. बरकत असती." नवख्या माणसाला वाटायचं, चहा बिघडला. माझ्या मेव्हण्याने तर एकदा त्यांच्या उरलेल्या घोटात बोट घालून माशी शोधली होती.

पिठाचा डबा खरवडून काढू नये, मूठभर पीठ तळाशी असू द्यावं, म्हणजे घरात बरकत राहते, ही रीत आमच्या जालन्यात घरोघरी आहे. माझी आईही पाळायची. पण आईने ती पिठापुरती ठेवली होती. काकांनी साबणापासून तपकिरीपर्यंत सगळ्यांना लावली. काडेपेटीतली शेवटची काडी ते ओढत नसत. त्यामुळे त्यांच्या कोनाड्यात एकेक काडी पोटात घेऊन बसलेल्या काडेपेट्यांची चळत होती. एकदा आमच्या घरात काडी नव्हती म्हणून मी मागायला गेलो. काकांनी सगळी चळत खाली काढली, एकेक पेटी कानाशी धरून हलवली आणि परत जागेवर लावत म्हणाले, "मास्तर, देता येत न्हाई. सगळ्या एकट्याच हायेत."

काका तहसील कचेरीत कारकून. निजामाच्या राजवटीत चिकटले. राजवट गेली, काका राहिले. तिथेही रोज एक कागद मुद्दाम उद्यावर ठेवायचे. साहेबाने कारण विचारलं तर म्हणाले, "समदं काम आजच संपलं, तर उद्या सरकार मला कशाला बोलवंल?"

गोष्टसुद्धा हा माणूस पुरी सांगत नसे. निजामाच्या शेवटच्या धामधुमीच्या काळात ते जाफराबादहून एकटेच पायी निघाले होते आणि वाटेत ओढ्यापाशी दोन बंदूकवाले आडवे आले होते. इथवर ती गोष्ट मी अनेकदा ऐकली आहे. "मंग?" म्हणून आपण पुढे सरकावं, तर काका उठून धोतर झटकायचे. "मंग काय! बाकी पुन्हा कधी." ते जिवंत समोर बसले होते, त्या अर्थी बरं झालं असणार, एवढाच अंदाज मी करू शकतो.

त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात काका आणि काकू, दोघंच. काकू मुलखाच्या अबोल आणि काका त्यांच्याशी बोलायचे ते करवादूनच. पाणी गरम का, सुपारी जाड का, दार उघडं का. काकू एकदा माहेरी तीर्थपुरीला गेल्या तेव्हा काका आमच्याकडे जेवायला होते. जेवताना सगळा वेळ काकूंच्या स्वयंपाकाची निंदा चालली होती, आणि पानातली आमटी तशीच होती. माझी बायको म्हणाली, या माणसाशी संसार करायचा म्हणजे काकूंचीच कमाल. मलाही तेव्हा तसंच वाटायचं.

एका वर्षी पावसाळा सरता सरता काकांना ताप आला. आधी काढे झाले, अंगारा झाला. ताप हटेना तेव्हा मी डॉक्टरांना घेऊन आलो. डॉक्टर तरुण होते, हैदराबादेहून शिकून आलेले, बोलायला तिखट. त्यांनी पोट दाबलं, जीभ पाहिली आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, "मुदतीचा ताप आहे. टायफॉइड."

मुदतीचा ताप म्हणजे काय, हे आमच्या पिढीला सांगावं लागत नसे. मुदत भरेपर्यंत वाट बघायची, मग एक तर ताप जायचा किंवा माणूस. डॉक्टर म्हणाले, "आता यावर औषध निघालंय. इथं मिळत नाही, औरंगाबादहून मागवतो."

दुसऱ्या दिवशी मोटारीने बाटली आली. आत टोपणं घातलेल्या नळ्यांसारख्या गोळ्या. डॉक्टरांनी काकांना दटावूनच सांगितलं. गोळी चावायची नाही, फोडायची नाही, पाण्याबरोबर अख्खी गिळायची. ठरल्या वेळेला घ्यायची, झोप लागली असेल तर उठवून. अंगावर पुरळ आलं, तोंड आलं, कुठून रक्त आलं, तर ताबडतोब डॉक्टरांना कळवायचं. आणि ताप उतरला तरी बाटलीतली शेवटची गोळी पोटात जाईपर्यंत थांबायचं नाही.

काकांनी मान डोलावली. डॉक्टरांची पाठ वळताच पहिली गोळी दातांखाली धरून कडकन फोडली. "आत काय भरलंय ते बघाया नको?" आत काय भरलं होतं ते त्यांच्या तोंडावर दिसलं. कडू कारल्याच्या सात पिढ्या एकदम जिभेवर आल्यासारखं तोंड करून ते संध्याकाळपर्यंत थुंकत होते. त्यानंतर मात्र गोळी अख्खी जाऊ लागली. बाटली स्वतःच्या उशाखाली. काकूंना हातसुद्धा लावू देईनात. "तुला वेळ समजत न्हाई," म्हणाले.

आणि नवल झालं. चार-पाच दिवसांत ताप उतरला. काका तक्क्याला टेकून बसले, पेज अळणी आहे म्हणून काकूंवर खेकसले, आणि ते खेकसणं ऐकून आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. काकूंनी मारुतीला नारळ फोडला. माझी बायको म्हणाली, आता भाकरीसाठी भांडतील, बघा. भांडलेच.

पण पुढच्याच आठवड्यात एका सकाळी काकू आमच्या दारात उभ्या. त्या कधी आमच्याकडे धावत आल्या नव्हत्या. "मास्तर, जल्दी चला. अंग निस्तं फणफणून राह्यलंय. मला वळखीनात."

मी डॉक्टरांना आणलं. काका डोळे मिटून कुठल्या तरी तहसीलदाराला सलाम करत होते. डॉक्टरांनी नाडी धरली, कपाळाला आठी घातली. "गोळ्या सगळ्या घेतल्या होत्या?"

काकू माझ्याकडे बघायला लागल्या. उशाखाली बाटली नव्हती. काका ग्लानीतच पुटपुटले, "राखल्यात... थोड्या राखल्यात."

आम्ही कोनाडे पाहिले, देव्हारा पाहिला, काडेपेट्यांच्या मागे पाहिलं. शेवटी काकूंनी काहीतरी सुचून आपली ट्रंक उघडली. लुगड्यांच्या घडीत, त्यांच्या लग्नातल्या शालूच्या आत, धोतराच्या चिंधीत गुंडाळलेली बाटली निघाली. निम्म्याहून जास्त भरलेली.

मी काकांची बरकतीची रीत सांगितली, तसे डॉक्टर भडकले. भडकणारच. "ही काय बरकत ठेवायची चीज आहे? अहो, आतला रोग अर्धा मेला होता, तो आता उलटून उठलाय. जीव गेला असता तुमचा! अजून धोका टळलेला नाही."

त्या आवाजाने काकांनी डोळे उघडले. बराच वेळ त्यांना माणसं ओळखू येईनात. मग डॉक्टर ओळखू आले. "डाक्टरसाहेब," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "बरकतीसाठी न्हाई ठेवल्या. ही माझ्या उशाशी बसून राह्यली रातंदिवस. माझा ताप हिला लागला तर? औषध औरंगाबादहून येस्तोवर हिनं काय करायचं? मला बरं वाटत होतं. म्हणलं, आता ह्या हिला."

काकू ट्रंकेपाशी बसलेल्या होत्या, तशाच बसून राहिल्या. शालूचा काठ त्यांच्या हातात होता. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं ते असं, डॉक्टरांसमोर आणि माझ्यासमोर.

डॉक्टरांचा आवाज खाली आला. ते खाटेच्या कडेला बसले. "काका, एकाचं औषध दोघांत वाटलं तर दोघांनाही पुरत नाही. तुमच्या गोळ्या तुमच्या. काकूंना ताप आला तर मी येईन, तपासेन, काय द्यायचं ते ठरवीन. त्या आजारी पडू नयेत असं वाटतं ना? मग पाणी उकळून प्यायचं, तुमचं केल्यावर त्यांनी हात साबणाने धुवायचे. त्यांना वाचवायचा रस्ता तो आहे. ट्रंक नव्हे."

काकांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. डॉक्टरांनी त्याच बाटलीतून पुन्हा सुरुवात केली आणि कमी पडतील त्या नव्याने मागवल्या. यावेळी बाटली काकूंच्या ताब्यात गेली. पुढचे काही दिवस मी शाळेत जायच्या आधी आणि आल्यावर त्यांच्या ओसरीवर डोकावत असे, आणि आतून बोलणं ऐकू आलं नाही की दाराला कान लावून उभा राहायचो. ताप चढत होता, उतरत होता. एका सकाळी आतून ओरडा आला, "पाण्याला धुराचा वास येऊन राह्यलाय!" मी ओसरीच्या पायरीवर मटकन बसलो आणि एकटाच हसत सुटलो.

यावेळी मात्र ताप गेल्यावरही गोळ्या चालू राहिल्या. डॉक्टर रोज जाता-येता डोकावत. काका बिलकुल कुरकुर न करता गोळी घेत होते, याचं मला आश्चर्य वाटायचं. ती कशी घेतात, हे मी एका संध्याकाळी पाहिलं.

काकूंनी एका हातात गोळी आणि दुसऱ्या हातात उकळून गार केलेल्या पाण्याचा पेला धरला होता. काकांनी पेला घेतला नाही. "आधी इकडं या," म्हणाले. एरवी त्यांना 'अगं' म्हणणारा माणूस 'या' म्हणत होता. काकू मला पाहून अवघडल्या, पदर सावरला, तरी पुढे वाकल्या. काकांनी आपला वाळलेला हात उचलून त्यांच्या कपाळावर ठेवला. माझ्यादेखत. त्या काळी आमच्याकडे चारचौघांत कोणी बायकोला हात लावत नसे, आणि काका तर कधीच नाही. हात कपाळावर होता, गालाकडे गेला, पुन्हा कपाळावर आला.

"गार हाय," काका मला म्हणाले. मग गोळी घेतली आणि पाण्याचा पेला पुरता रिकामा केला.