घरचा भाव

इतवाऱ्यातल्या वामनराव कडूंच्या साडीच्या दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला घरचा भाव मिळे. दर्शनी भाव परक्यांसाठी राखून ठेवला होता, आणि परकं गिऱ्हाईक अजून तरी दुकानात आलेलं नव्हतं. साडी पसंत पडली की वामनराव इकडेतिकडे पाहत, ओंजळीत धरलेल्या कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवत आणि कुजबुजत, "कुणाला बोलू नका. फक्त तुमच्यासाठी." बाई इतर बायकांची कीव करत पायऱ्या उतरे. दुकानाचं खरं भांडवल ही कीवच होती.

मग सगळा व्यापार मोबाइलला जोडायचं वर्ष आलं. बँकेचा टायवाला माणूस गल्ल्यावर बोलका डबा ठेवून गेला. "काकाजी, पैसा आला की हा सगळ्यांना सांगेल. एकदम पारदर्शक काम!"

त्याच दुपारी होणाऱ्या विहीणबाई, शोभाताई, गादीवर चहा घेत होत्या. आदल्या दिवशीच त्यांनी सुनेसाठी, म्हणजे वामनरावांच्याच शारदेसाठी, शालू नेला होता. अठ्ठावीसशेला, घरच्या भावात. समोर असीरगढच्या रंभाबाईंनी अगदी तसाच शालू पसंत केला आणि मोबाइल पुढे धरला. डबा खणखणीत बोलला, "पच्चीस सौ रुपये प्राप्त हुए!"

कप बशीत उतरला.

"वामनराव, या बाई तुमच्या कोण?"

"कोणी नाही हो विहीणबाई. गिऱ्हाईक."

"आणि मी?"

वामनरावांनी उत्तरादाखल बिस्किटं पुढे केली. शोभाताईंनी चप्पल घातली. "लग्नाच्या तारखेचं मग बघू."

वामनरावांनी डब्यावर उशी ठेवली. आता गिऱ्हाईक पैसे देऊनही हलेना. "डबा तर बोललाच नाही. पैसा पोचला कशावरून?" उशी काढावी लागली. मग त्यांनी नीतीचा मार्ग धरला आणि पाटी लावली: सर्वांना एकच भाव, पंचवीसशे.

दुकान ओस पडलं. लालबागच्या मालतीबाई मास्तरणीनं पाटी दोनदा वाचली. "सबको एकच? मग मी इतक्या वर्षांची गिऱ्हाईक कशाला झाले?" शोभाताईंचा तर निरोपच आला, "मला अन् त्या रंभाबाईला एकाच मापात मोजलं ना? मग बसा पोरगी घरात घेऊन."

वामनराव डोकं धरून बसले. शारदा हिशेब लावत होती. ती म्हणाली, "बाबा, डबा आलेला पैसा सांगतो. गेलेला कुठे सांगतो?"

दुसऱ्या दिवशी पाटी उतरली. आता प्रत्येक शालूला डबा गर्जे, "तीन हजार रुपये प्राप्त हुए!" बाकीच्या बायका चुकचुकत. मग वामनराव साडीच्या घडीत हळूच दोनशेची नोट सरकवत. "त्याला बोलू द्या. हे फक्त तुमच्यासाठी."

शोभाताईंनी येऊन तासभर तीन-तीन हजार ऐकले. मग दुसऱ्या सुनेसाठी तोच शालू अठ्ठावीसशेला नेला आणि जाताना लग्नाची तारीख देऊन गेल्या.

बँकेनं वामनरावांना आदर्श डिजिटल व्यापारी ठरवलं. प्रशस्तिपत्र आणणारा तो टायवाला बायकोसाठी शालू घेऊन गेला, घडी छातीशी धरून.

दिवाळीत तुम्हीही येऊन गेलात. तुमच्या पैशांवर डबा बोलला तेव्हा गादीवरच्या बायकांनी तुमच्याकडे फार मायेनं पाहिलं होतं. तुमचं तिकडे लक्ष नव्हतं. तुम्ही त्यांची कीव करण्यात गुंतला होतात.