शिंजिराचं घरटं आणि मागचं दार

मधुकररावांच्या पुढच्या दाराला पंधरा दिवस कुलूप होतं, आणि त्याचं कारण बोटाएवढं होतं. बालाघाटच्या रस्त्यांवर पळस पेटला, अंगणात मधुमालती फुलली आणि शिंजिर या चिमुकल्या पाखरांच्या जोडीनं घरट्यासाठी नेमकी पोर्चमधल्या दिव्याची वायर पसंत केली. मधुकरराव सिंचन खात्यातून निवृत्त झाल्यापासून हे घर आपण होऊन कुणी पसंत केलं नव्हतं.

त्यांनी भोपाळच्या नातीला फोनवर घरटं दाखवलं. तीन वर्षं इकडे न फिरकलेला मुलगा अनय दुसऱ्याच दिवशी म्हणाला, "होळीले येतो बाबा. ईरा ऐकूनच नाही राह्यली."

खात्याची सवय! फाटकावर पाटी चढली: 'घोंसला-कार्य प्रगति पर है. कृपया पीछे के दरवाज़े से आएँ.' सिलिंडरवाला मागच्या बोळात शिरेना. तीस वर्षं रोज सकाळी पेपर वाचायला येणारे शेजारी बाबूलाल बोळात मोरीपाशी घसरले आणि दुसऱ्या दिवशी निमूट पुढून आले.

"बाबूलालजी, बोर्ड नहीं दिखता क्या? आपकी खाँसी से पंछी भाग जाएँगे!"

बाबूलाल पेपर न उघडताच परत गेले.

"पाखरासाठी मानूस तोडला तुम्ही," त्यांच्या पत्नी प्रेमलताबाई म्हणाल्या.

"मानूस कुठं जाते? पाखरू गेलं तं ईरा नाही येत!"

होळीला आठ दिवस उरले. सून नाक मुरडेल म्हणून मधुकररावांनी कामवाल्या मैनाबाईला बजावलं, "आतबाहेर एकही जाळं दिसलं नाही पाह्यजे," आणि ते पिचकारी आणायला गेले. परतले तेव्हा वायर मोकळी होती. सुपलीत काड्या, सुकी पानं आणि कोळ्याची जळमटं होती.

"मैनाबाई! हे काय केलं?"

"तुम्हीच तं म्हनलं! केवढं मोठं जाळं लटकून राह्यलं होतं!"

तिचं तरी काय चुकलं? साहेबांच्याच हुकमानं ती रोज मागून येत होती. पुढं काय टांगलंय ते तिला कुणी दाखवलंच नव्हतं.

मधुकररावांनी भोपाळला काही कळवलं नाही. कळवलं असतं तर तिकिटं रद्द झाली असती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि तेच जास्त लागत होतं.

ईरा आली ती थेट पोर्चमध्ये. "आजोबा, घोंसला किधर है?"

मधुकरराव घाईनं पिचकारी पुढं करत होते, तेवढ्यात फाटकाशी ओळखीचा खोकला आला.

"मधुकरजी, वो बोर्ड अब आपके किस काम का? मेरे बरामदे के बल्ब पर चिड़िया ने घोंसला डाला है."

पाटी काढून देण्याआधीच ईरा बाबूलालांच्या व्हरांड्यात पोचली. जेवायलाही आली नाही. संध्याकाळी तिला आणायला मधुकरराव निघाले. बाबूलालांच्या फाटकावर आपल्याच अक्षरातली पाटी त्यांनी उभं राहून पूर्ण वाचली. आतून ईराचं हसणं ऐकू येत होतं.

मग धोतर सावरत, मोरी चुकवत ते बोळातून बाबूलालांच्या मागच्या दाराकडे वळले.