ऐरावत की रणचंडी

जानराव दोन वेगवेगळ्या फोनवर दोन वेगवेगळ्या माणसांना "हाव" म्हणाले आणि तिथंच त्यांचा रविवार नासला.

गोष्ट खरं तर साधी होती. उन्हाळ्यातल्या वादळात वरवट बकालच्या त्यांच्या शेतात धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, जुनी बाभूळ आडवी झाली. ट्रॅक्टरला बांधून ती घरासमोरच्या अंगणात ओढून आणली. तेव्हापासून ती तिथंच पडून होती. जाड, काळी, गाठाळ. भरपेट जेवून लवंडलेल्या पाहुण्यासारखी. दिवाळी झाली, थंडी पडली. अन्नपूर्णाबाईंना आंघोळीचं पाणी तापवायला चुलीसाठी सरपण हवं होतं. रोज सकाळी त्या रिकामी बादली खोडाजवळ आपटत आणि म्हणत, "दारात एवढं जळतन पडलं हाये, अन् आंघोळ थंड्या पाण्यानं. कोणाले सांगितलं त हासतीन लोक."

जानरावांना हसू येत नव्हतं. एसटीची गाडी खड्ड्यांतून हाकता हाकता त्यांची नोकरी संपली होती आणि पाठ त्याच्याही आधी. कुऱ्हाडीचे चार घाव घातले की बाभळीवर ओरखडा उमटे आणि पाठीतून कळ निघे. गावात कुऱ्हाड चालवणारं माणूस शोधून सापडत नव्हतं. शेवटी त्यांनी झाड कापायचं मशीन घ्यायचं ठरवलं. लोक त्याला कटर म्हणतात. पेट्रोल भरायचं, दोरी ओढायची, साखळीचे दात फिरायला लागले की काकडी चिरावी तसं लाकूड चिरत जायचं. निदान दुकानदार तरी तसं म्हणत होता. त्याच्याकडे दोन कंपन्यांची मशिनं होती, एक लाल ऐरावत आणि एक पिवळं रणचंडी. "कोणतं चांगलं?" असं विचारल्यावर तो म्हणाला, "दोन्ही चांगलेच आहेत ना काका. घरी विचारून या."

जानरावांनी घरी विचारलं. हीच चूक झाली.

संग्रामपूरला राहणारा त्यांचा साळा गोविंदा फोनवर म्हणाला, "भाऊजी, डोये झाकून ऐरावत घ्या. माह्याजवळ हाये, म्हणून सांगतो. थे रणचंडी म्हंजे निरा आवाज, काम नाई. ऐरावतच घेसान ना?"

"हाव," जानराव म्हणाले. दुसरं काही म्हटलं असतं तर गोविंदानं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं असतं.

ही बातमी लेकीकडून दुसरबीडला पोचली आणि तिच्या सासऱ्यांचा, महादेवरावांचा फोन आला. "पाहुणे, कटर घ्यायलात म्हणं. रणचंडीच घ्या बरं का. आमच्याकडं हाय. ते ऐरावत लई जड, म्हैस कडेवर घेतल्यावानी वाटतं. मग, रणचंडीच ना?"

"हाव," जानराव म्हणाले. व्याह्यांना नाही म्हणायची घरात रीत नव्हती.

आता, ही दोन माणसं दुसरी कोणी असती तर काही बिघडलं नसतं. पण लेकीच्या, जयमालाच्या लग्नात वरात नाचत नाचत इतकी रेंगाळली, की मुहूर्त टळायची वेळ आली, आणि नवरीचा मामा म्हणून गोविंदानं तणतणत जाऊन डीजेची वायर उपटली. गाणं थांबलं तेव्हा महादेवराव हात वर करून एका पायावर उभे होते. साऱ्या वऱ्हाडानं ते पाहिलं. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. गोविंदा भाचीच्या सासरी पाय ठेवत नव्हता आणि जयमाला फोनवर आईजवळ रडत होती, "सगळ्यांचे मामा येतात वं आई, माह्याच काऊन येत नाई?"

म्हणजे ऐरावत घेतलं तर लेकीच्या सासरी वाकडं, रणचंडी घेतलं तर बायकोच्या माहेरी. जानरावांनी खूप विचार केला आणि काहीच न करायचं ठरवलं. थकलेल्या माणसाला हा निर्णय फार लवकर सुचतो. पण त्यांच्या "हाव"ला भुलून दोघांनीही परस्पर ठरवलं, की घ्यायच्या आधी आपलं मशीन एकदा चालवून दाखवावं.

रविवारी सकाळी गोविंदा मोटारसायकलला लाल ऐरावत बांधून आला. त्यानं चहाचा कप तोंडाला लावला तोच दारात जीप थांबली आणि पिवळं रणचंडी कडेवर घेऊन महादेवराव उतरले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग जानरावांकडे पाहिलं. जानरावांनी बाभळीकडे पाहिलं.

"या, बसा," ते कसेबसे म्हणाले.

दोन खाटा टाकल्या. दोघे एकमेकांकडे पाठ करून बसले.

"भाऊजी," गोविंदा मोठ्यानं म्हणाला, "कोणाले तरी सांगा, पेट्रोलमध्ये आइल मोजून टाका लागते. अंदाजपंचे टाकलं त इंजन बसते."

"पाहुणे," महादेवराव त्याहून मोठ्यानं म्हणाले, "कोनाला तरी सांगा, आमी अंदाजानं टाकतो अन् मशीन अंदाजाबाहेर चालती."

जानराव दोन्ही निरोप इकडून तिकडे पोचवत होते. ऐकणाऱ्याला ते आधीच ऐकू आलेले असत, पण जानरावांनी सांगितल्याशिवाय उत्तर मिळत नव्हतं. तेवढ्यात अन्नपूर्णाबाईंनी आतून हाक मारली. व्याही आले म्हणून त्यांनी पुरणाची डाळ शिजायला टाकली होती आणि ती अर्धवट असतानाच गॅस संपला होता.

"चूल पेटवतो मी," त्या म्हणाल्या, "पण जळतन कोठी हाये? जा, मांगच्या फांट्या तोडून आना."

"अवं, समोर दोन दोन कटर आले हायेत ना!"

"थे कवा सुरू होतीन अन् मी कवा पोया करीन? जा बरं तुमी."

अशा रीतीनं सरपण कसं कापावं हे शिकवायला आलेल्या पाहुण्यांना जेवू घालण्यासाठी जानराव घरामागं कुऱ्हाडीनं सरपण तोडू लागले. समोरून दोरी ओढल्याचा आवाज येत होता. गोविंदानं ओढली, ऐरावत खोकलं. पुन्हा ओढली, पुन्हा खोकलं. महादेवराव कुणाकडेही न पाहता हसले. मग त्यांनी आपली ओढली, तर दोरीची मूठच हातात आली. आता गोविंदा कुणाकडेही न पाहता हसला. एकानं प्लग पुसला, दुसऱ्यानं दोरीला गाठ मारली. अखेर दोन्ही मशिनं एकदमच भडकली. कोंबड्या छपरावर गेल्या, गोऱ्ह्यानं दावं तोडलं आणि आसपासच्या घरांतले लोक अंगणात जमा झाले.

गोविंदा शेंड्याकडून भिडला, महादेवराव बुडख्याकडून. मग ते कापणं राहिलं नाही, शर्यत झाली. भुसा उडत होता, धुरानं डोळे झोंबत होते. जमलेल्यांत लाल पक्ष आणि पिवळा पक्ष असे दोन तट पडले. अन्नपूर्णाबाई दारातून "जेवाले चला!" म्हणून ओरडत होत्या, पण त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू येत नव्हता. फांट्यांची मोळी घेऊन जानराव कोपऱ्यावर आले, तेव्हा दोन्ही मशिनं खोडाच्या मध्याकडे सरकत होती.

खटाक! ऐरावतमधून ठिणग्या उडाल्या आणि त्याची साखळी तुटून बाभळीवर लोंबली.

"पाहा!" महादेवराव सगळ्या गावाकडे वळून म्हणाले, "मी काय म्हनलो व्हतो? ऐरावत..."

खटाक! रणचंडीचीही साखळी तुटली.

अंगण एकदम शांत झालं. नशीब, कुणाला इजा झाली नाही. दोघांनी मशिनं खाली ठेवली आणि आपापल्या खाचेत डोकावून पाहिलं. आत गंजलेली तार होती. कधीकाळी धुऱ्याच्या कुंपणाची तार त्या बाभळीला गुंडाळली असावी. झाड वाढत गेलं आणि तार पोटात घेत गेलं.

"तार," महादेवराव म्हणाले.

"काट्याची," गोविंदा म्हणाला.

लग्नानंतर पहिल्यांदाच ते एकमेकांशी बोलले होते. मग दोघेही सावकाश जानरावांकडे वळले.

"भाऊजी, झाडात तार हाये, थे तुमाले मालूम नोतं?"

"पाहुणे, तुमी ड्रायव्हर मानूस! रस्त्यात काय पडलंय हे बघून गाडी घालत नव्हता व्हय?"

"तेच म्हणतो मी, इवाई," गोविंदा व्याह्यांना म्हणाला. "साधं पाहून घ्याव नाई?"

"आवो, कामून बघतील? सभावच ढिला."

जेवायला दोघे शेजारी शेजारी बसले. पहिल्या पोळीला जानरावांचा ढिलेपणा झाला. दुसऱ्या पोळीला गाडी लग्नावर आली.

"खरं पाह्यलं त," गोविंदा म्हणाला, "लग्नातही चूक भाऊजींचीच होती. वरातीले सामोरं जाऊन पाहुण्यायले आना लागते. हे मांडवात बसून राह्यले. मंग मले जा लागलं वायर उपटाले."

"हां! आता कसं बोललात!" महादेवरावांनी मांडीवर थाप मारली. "कुनी बोलवायलाच आलं नाही, तर मानूस नाचंल न्हाई तर काय करंल?"

जानरावांनी तोंड उघडलं. लग्नाच्या दिवशी ते मांडवात बसले नव्हते, तीनदा सामोरे गेले होते, आणि तिन्ही वेळा महादेवरावांनीच त्यांना धरून नाचवलं होतं. पण त्यांच्या ताटाशी तुपाची वाटी घेऊन अन्नपूर्णाबाई उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे असं काही पाहिलं, की जानरावांनी उघडलेल्या तोंडात पोळीचा घास कोंबला.

"चुकलंच माह्यं," घास गिळून ते म्हणाले. अन्नपूर्णाबाईंनी त्यांच्या पोळीवर जरा जास्तच तूप वाढलं.

जेवणानंतर महादेवराव म्हणाले, "आमच्या दुसरबीडला चांगला मिस्तरी हाय. दोन्ही मशिनी एकदमच नीट करून घेऊ. चला, बसा जीपमदी." आणि गोविंदा खरंच बसला. मोटारसायकल अंगणात ठेवून, ऐरावत मांडीवर घेऊन.

संध्याकाळी जयमालाचा फोन आला. ती रडत होती, पण आता वेगळं. "बाबा, मामा आले! मामांजी अन् मामा वसरीत बसून तुमच्यावर हासून राह्यले. मी कितीक दिवसांनी पाह्यलं असं घर. येत्या रविवारी दोघं मशिनी घेऊन येतो म्हनतात, राह्यलेलं झाड कापाले."

जानरावांना लेकीचा आवाज ऐकून बरं वाटलं आणि रविवार ऐकून पाठीतून कळ निघाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक शहाणपणा करायचं ठरवलं. शेजारच्या गावात एकाकडे भाड्याचं कटर होतं. रविवारच्या आत झाडाचे तुकडे करून टाकले, की पाहुणे नाहीत, शर्यत नाही, निरोप नाहीत. तो माणूस मशीन घेऊन दारात उभा राहिला, तर अन्नपूर्णाबाई पदर खोचून बाभळीवरच जाऊन बसल्या.

"हात लावू देणार नाई," त्या म्हणाल्या. "याच झाडापायी माहा भाऊ पोरीच्या दारात गेला. हे संपलं, मंग त्यायनं काय कापाव? आपसातच कापतीन."

"अवं, पण मंग चुलीत काय घालतं?"

"आना इकत."

शकीलभाईंची लाकडाची वखार गावाच्या टोकाला होती. जानरावांनी बैलगाडीत चिरलेलं सरपण भरून घेतलं. शकीलभाई दोर आवळता आवळता थांबले.

"जानरावभाऊ, एवढी मोठी बाभूळ तुमच्या दारात पडेल हाये. अन् तुमी लाकडं इकत काऊन नेऊन राह्यले?"

जानराव गाडीच्या धुरीवर चढले, पाठीला हात लावून जरा टेकले आणि मग कासरा हातात घेतला.

"थे लाकूड नोहे शकीलभाई," ते म्हणाले, "थे सोयरीक हाये. तिले जाळता येत नाई."