पुष्टिचूर्णाच्या दरबारी परीक्षेची हकीकत

श्री अन्नपूर्णा समर्थ. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, दरबारी पुष्टिचूर्णाची परीक्षा जाहली, ती सावध होऊन ऐकावी. प्रधानजींचे मेव्हणे चूर्ण करीत, आणि बालवाडीच्या पोरांचे दूध बंद करून तेच चूर्ण पाजावे ऐसी प्रधानजींनी मसलत केली, आणि महाराज बोलिले, "अंगी लागते की नाही, ते आधी पाहा." मग प्रयोगशाळेच्या मुख्य मैनाबाई कोठावळे यांस हुकूम जाहला. बाईंची रीत ऐसी, की उंदराचे ताजे आतडे मोज्यासारखे उलटे करावे, दोन्ही तोंडे दोऱ्याने बांधावी, कोमट मीठपाण्यात पंपाने हवा सोडीत जिते राखावे, आणि बाहेरील पाण्यात चूर्ण घालून आत किती उतरले ते मोजावे. सोबत निळा रंगही घालावा. जिते आतडे त्यास उंबरा ओलांडू देत नाही. बाईंनी पुनःपुन्हा मोजिले, पण चूर्ण काही आत जाईना. प्रधानजी तापले. "बाई, तुमच्या हातालाच यश नाही. भर दरबारी करून दाखवा!"

मग दरबार भरला आणि आतडे मांडले, तोच दीपप्रज्वलन निघाले, मग स्वागतगीत, मग हारतुरे, आणि मेव्हणे भाषणास उभे राहिले ते काही केल्या बसेनात. भाषणात घरघर नको म्हणोन पंप बंद करविला. बाईंचा जीव खालीवर! "साहेब, आतडे मरेल हो!" प्रधानजी डाफरले, "अहो, थांबा की जरा, पाहुणे बोलताहेत!" शेवटी चूर्ण घातले, आणि पाहतात तो काय! चूर्ण झाडून सारे आत, आणि निळा रंगही आत. टाळ्यांचा एकच कडकडाट जाहला. बाईंस नोकरी जाणार हे दिसत होते, तरी पोरांचे दूध तुटते हे साहवेना, आणि पुढे होऊन बोलिल्या, "महाराज, आतडे मेले आहे. जिते असते ते निवडून घेते. मेलेल्यातून काय वाट्टेल ते जाते." महाराज कौतुके हसले. "पण गेले ना?"

"गेले, पण—"

"झाले तर मग!"

मग दूध बंद जाहले आणि चूर्ण सुरू जाहले, आणि मेव्हण्यांस शालजोडी मिळाली, आणि बाईंची बदली गुरांच्या दवाखान्यात जाहली. सालअखेर पोरांच्या बरगड्या दिसू लागल्या तेव्हा चौकशी बसली. निकाल येणेप्रमाणे: चूर्णात खोट नाही. पोरांची आतडी अद्याप जिती आहेत, हा एक दोष राहिला; तोही हळूहळू दूर होत आहे.