माझ्या रक्ताचं जाहीर प्रदर्शन

रक्तातली पेशी ओळखण्यात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय! बावीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलोय मी. त्यामुळे लेकीच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई जेव्हा म्हणाल्या, "मुलांना जंतांबद्दल काहीतरी सांगाल का?" तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "सांगतो कशाला? दाखवतोच!"

"बाबा, जास्त बोलू नका हं," लेकीने काकुळतीला येऊन विनवलं. पण ऐकेल तो बाप कसला!

हॉलमध्ये साठ पोरं. मी ऐटीत बोटाला सुई टोचली, काचपट्टीवर थेंब पसरला आणि त्यावर रंग टाकला. रंग चढेपर्यंत व्याख्यान सुरू.

"जंत म्हणजे पेशीपुढे अजगर! एकटी पेशी त्याला गिळणार कशी? मग इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी झुंडीने धावतात, त्याच्या अळीला गोचिडीसारख्या चिकटतात आणि आपल्या नारिंगी दाण्यांतलं विष तिच्यावर ओततात! माझ्यासारख्या निरोगी माणसात या पेशी शंभरात जेमतेम दोन-तीन. भरपूर दिसल्या, की समजायचं, आत युद्ध पेटलंय!"

काचपट्टी धुऊन, वाळवून मायक्रोस्कोपखाली सरकवली. मायक्रोस्कोपला जोडलेल्या पडद्यावर माझं रक्त उमटलं आणि पाहतो तर काय! जिकडेतिकडे नारिंगी दाणे! मण्यांची बरणी फुटावी तसे!

पहिल्या रांगेतली चष्मेवाली मुलगी मोठ्याने मोजू लागली. "वीस पांढऱ्यांत सहा नारिंगी! काका, म्हणजे तुमच्या पोटात जंत आहेत?"

"छे छे! अ‍ॅलर्जीनेही वाढतात त्या!"

"कसली अ‍ॅलर्जी आहे तुम्हाला?"

"अं… तशी कसलीच नाही."

मुख्याध्यापिकाबाईंनी खुर्ची हळूच दोन हात मागे घेतली. पोरं मात्र चेकाळली! "काका, ते आत्ता हलतायत?" "तुम्ही जेवलात की ते पण जेवतात?" लेकीने तोंड दप्तरात खुपसलं होतं. दप्तर लहान पडत होतं.

घरी पोचायच्या आत बातमी पोचलेली! दारातच बायको साबण घेऊन उभी.

"आणखी फिरा बागेत अनवाणी! मातीतली ऊर्जा हवी होती ना?"

"अगं, अजून तपासणी व्हायचीय…"

"आधी हात धुवा, मग तोंड उघडा!"

आईने माझं ताट वेगळं ठेवलं. मी तिला पोटतिडकीने सांगितलं, "हे ताटातून पसरत नाहीत." ती म्हणाली, "पोटतिडीक दिसतेच आहे रे बाळा."

दुसऱ्या दिवशी माझाच शौचाचा नमुना माझ्याच लॅबमध्ये! हाताखालची सहकारी आनंदाने किंचाळली, "सर, अंकुशकृमीची अंडी! किती छान दिसतायत!" आमच्या डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "मातीतून पायाच्या कातडीवाटे शिरतात. तुम्हाला माहीत असेलच." माहीत होतं हो! इतरांच्या पायांबद्दल!

औषध झालं. पुढच्या तपासणीत अंडी नाहीत. लेकीचा अबोला मात्र शाळेतून फोन येईपर्यंत टिकला.

"तुमचं व्याख्यान फारच परिणामकारक!" मुख्याध्यापिकाबाई सांगत होत्या. "मुलं आता बूट घातल्याशिवाय मैदानात पाऊल टाकत नाहीत! पुढच्या वर्षीही याल ना?"

"जरूर!" माझी छाती पुन्हा फुगली. "आता मी ठणठणीत आहे, बाई. एकही जंत उरला नाही!"



"अरेरे," बाई हळहळल्या, "मग दुसरं कोणीतरी बघावं लागेल."